आधी पट्टीचा भाव सांगा

टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात साखर उतरवणारं इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ते रोज बाहेरून द्यावं लागतं, अशा मुलांच्या पालकांच्या आमच्या ग्रुपवर हल्ली वरचेवर कुणी ना कुणी नवउद्योजक येतो. "काकू, डायबेटिसवर काम करतोय, थोडा वेळ बोलाल का?" पुण्या-बंगळुरूची पोरं असतात, बहुतेक इंजिनिअर, काहीतरी चांगलं करायची मनापासून इच्छा असलेली. मी बोलते. कुकर लावता लावता बोलते, पण बोलते. त्यांचं सगळं सांगून झालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे वापरायचं तर महिन्याला किती पैसे लागतील? यंत्र कितीला पडेल ते बहुतेकांना पाठ असतं. साखर मोजायला दर वेळी लागणाऱ्या पट्टीसकट महिन्याचा हिशेब फार थोड्यांनी केलेला असतो.

यावरून काहींचा समज झालाय की मी नव्या गोष्टींच्या विरोधात आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते. आमची लेक आज शाळेत जाते, सहलीला जाते, खो-खो खेळते ती अशाच धडपड्या लोकांच्या जिवावर, हे मला चांगलं माहीत आहे.

घरच्या घरी बोटाला टोचून साखर बघणं आज आपल्या अंगवळणी पडलंय. १९६९ साली ते पेशंटच्या हातात नव्हतं. घरी बघायची ती लघवीतली साखर, म्हणजे झालं गेलं कळायचं, आत्ता या क्षणी रक्तात काय चाललंय ते नाही. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन हे इंजिनिअर होते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप वन. रक्तातली साखर मिनिटाभरात सांगणाऱ्या एम्स कंपनीच्या यंत्राची जाहिरात त्यांनी एका मासिकात पाहिली. यंत्र सव्वा किलोहून जड, किंमत ६५० डॉलर, आणि विकायचं फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना. पेशंटला ते करायचंय काय, असा तेव्हाचा विचार. बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर ते यंत्र घरात आलं. मग हा माणूस दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागला, काय खाल्लं की किती वाढते, किती इन्सुलिनने किती उतरते याचा हिशेब मांडू लागला. हे सगळं लिहून त्यांनी वैद्यकीय मासिकांना पाठवलं, तर परत आलं. शेवटी चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ मेडिकल कॉलेजात गेला आणि डॉक्टर झाला. २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते गेले. टाइप वन असलेला माणूस नव्वद वर्षं जगला, हे वाक्य मी लेकीला मुद्दाम वाचून दाखवलं होतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. न्यूयॉर्क राज्यातलेच जॉन कॉस्टिक, सॉफ्टवेअरवाले. २०१२ मध्ये त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप वन निघाला. त्याच्या अंगावर डेक्सकॉम कंपनीचा, सतत साखर मोजणारा सेन्सर होता, दर पाच मिनिटांनी आकडा द्यायचा, पण तो आकडा दिसायचा जवळच्या छोट्या रिसीव्हरवर. मूल शाळेत, बाप ऑफिसात, आणि आकडा दप्तरात. हे दुखणं ज्याच्या घरी मूल आहे त्यालाच कळेल. कॉस्टिक यांनी स्वतः कोड लिहून तो आकडा इंटरनेटवर चढवला आणि ऑफिसात बसून बघितला. त्यातूनच पुढे इतरांच्या मदतीने सेन्सरचा आकडा दुरून दाखवणारं 'नाइटस्काउट' हे सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि ते जगभरच्या पालकांना फुकट मिळालं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डला अशा लोकांची बैठक झाली, तिथून 'आम्ही थांबणार नाही' ही घोषणा निघाली. डेना लुइस या टाइप वन असलेल्या मुलीला झोपेत सेन्सरचा अलार्म ऐकू यायचा नाही. तिने आणि तिच्या जोडीदाराने कॉस्टिक यांच्या कोडचा आधार घेत आधी मोठा अलार्म बनवला, मग पुढची साखर कुठे जाईल याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, आणि शेवटी अंगावर लावलेल्या, इन्सुलिन देणाऱ्या पंपाला आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करायला लावणारी यंत्रणा. तीही सगळ्यांसाठी खुली केली. टाइप वन असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अशाच खुल्या पद्धतीने बनवलेल्या 'लूप' या तशाच यंत्रणेवरून टाइडपूल या संस्थेने जे तयार केलं, त्याला २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मंजुरीही मिळाली.

या सगळ्यांना काय बनवायचं ते कुणी सांगावं लागलं नाही. रात्री अडीचला उठून मुलाचं बोट शोधणारा माणूस काय हवंय ते बरोबर ओळखतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे बनवणाऱ्यांनी आपल्याकडच्या रात्री बघाव्यात.

आता पट्टीकडे येते. घरी साखर मोजायचं छोटं यंत्र म्हणजे ग्लुकोमीटर, आणि रक्ताचा थेंब घ्यायला त्यात घालायची ती पट्टी, एकदाच वापरायची. ग्लुकोमीटर स्वस्त, कधी कधी तर फुकटच हातात देतात. कमाई असते पट्टीत. साधारण वीस रुपयांच्या आसपास एक पट्टी. टाइप टू, म्हणजे बहुतेक मोठ्या वयात होणारा नेहमीचा डायबेटिस असलेल्या आजोबांना आठवड्यातून दोनदा बघायची असेल तर चालून जातं. टाइप वनच्या पोराला दिवसातून पाच-सहा वेळा लागते, आजारी असेल तर त्याहून जास्त. रक्ताचा थेंब कमी पडला की 'एरर', पट्टी गेली. थंडीत बोटं गार असतात, थेंब येतच नाही, दाबून दाबून काढावा लागतो, तोवर मीटर बंद होतो. आमच्या घरात वापरलेल्या पट्ट्या कुठेही सापडतात, कंपासपेटीत, उशीखाली, धुवायच्या कपड्यांत. आणि कपाटात जुने मीटर पडलेत, चांगले चालणारे, पण त्यांच्या पट्ट्या बाजारातून गायब झाल्या. कंपनीला विचारलं तर नवीन मॉडेल घ्या म्हणाले. ज्या शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरात पट्टी परवडत नाही तिथे आई पोराच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधते. घाम आला, चिडचिड करतोय, म्हणजे लो, साखर खाली गेली असेल, दे साखर. असे अंदाज चुकतात.

सेन्सर आले, फार मोठी सोय झाली, मी नाकारत नाही. दंडावर लावायचा, चौदा दिवस चालतो, बोट टोचायला लागत नाही. पण एक सेन्सर पाच हजारांच्या आगेमागे. महिन्याला दोन. आम्ही परीक्षेच्या काळात लावतो, एरवी पट्टीच. शिवाय रात्री ती त्याच दंडावर कूस करून झोपली की सेन्सरवर दाब येऊन तो खोटाच लो दाखवतो. अलार्म वाजतो, आपण धावतो, आणि खात्री करायला पुन्हा पट्टीच काढतो. म्हणजे पट्टी सुटत नाहीच.

पट्टीचा विचार आपल्याकडे कुणी केलाच नाही असंही नाही. २०१३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशी ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पुढे आणल्या, त्यात मुंबईच्या बायोसेन्स कंपनीचा 'सुचेक' हा मीटर होता. दिल्लीच्या बीटओ कंपनीने मोबाइललाच जोडायचं चिमुकलं मीटर काढलं, म्हणजे स्क्रीन आणि हिशेब फोनचाच. ही दिशा मला पटते. २०२३ मध्ये आयसीएमआरचाच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज होता. एवढ्या मोठ्या बाजारात स्वस्त पट्टी विकून धंदा होत नाही, हे मला कुणी पटवून देऊ नये.

खाण्याच्या अॅपबद्दल थोडंसं. आमच्याकडे जेवणाआधी कार्ब, म्हणजे ताटातले साखर वाढवणारे पिष्टमय आणि गोड पदार्थ, मोजून इन्सुलिन ठरतं. अॅप विचारतं, किती ग्रॅम? आजेसासूबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि माझी भाकरी यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. वाटी म्हणावी तर आमटीची, भाताची की आमरसाची? चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी झाली की साखर कुठच्या कुठे जाते, आणि अॅपमध्ये 'खिचडी' शोधली तर डाळ-तांदळाची निघते. ज्याला काही बनवायचंय त्याने एखाद्या घरात आठवडाभर ताटं बघावीत आणि वाट्या मोजाव्यात. आणि भाषा मराठी ठेवावी, कारण इन्सुलिन देणारी आई असते किंवा आजी.

इन्सुलिनच्या साठवणीबद्दल मात्र मला खूप बोलायचंय, कारण मी परभणीला राहते. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि लाइट नेमकी दुपारी जाते. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्या घरांत मातीचं मडकं हाच फ्रिज. ओळखीच्या एका घरी बघितलं: कोपऱ्यात ओली वाळू, तीत मोठं मडकं, मडक्यात थोडं पाणी, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात इन्सुलिनची बाटली. वरून ओलं फडकं. दोन-दोन तासांनी पाणी शिंपडायचं काम घरातल्या धाकट्याकडे. डॉक्टरही हा उपाय सांगतात आणि वापरात असलेली बाटली त्यात टिकतेही. पण आत किती अंश आहे हे त्या आईला कळत नाही. एक साधं, दणकट, मडक्यात टाकता येईल असं काहीतरी, जे हिरवं असेल तर औषध ठीक आणि लाल झालं तर टाकून द्या म्हणेल, एवढंच हवंय. एसटीतून तालुक्याहून इन्सुलिन आणताना पिशवीत टाकता येईल असं. फोन नको, इंटरनेट नको. मी हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अजून कुणी करून आणलेलं नाही.

हे अशक्य आहे असं मला कुणी म्हणू नये, कारण डोळ्यांच्या बाबतीत आपल्याच देशात ते झालंय. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीने फोनवर बसणारा डोळ्याचा कॅमेरा बनवला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो आरोग्य कर्मचारी काढतो, आणि डायबेटिसमुळे पडदा बिघडतोय का ते फोनमधला प्रोग्रॅम जागच्या जागी सांगतो, नेट नसलं तरी. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत तो तपासून बघितला गेला, डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. नेट नसेल, नेत्रतज्ज्ञ नसेल, पेशंट रोजंदारी बुडवून आलेला असेल, हे सगळं आधीच गृहीत धरून केलेली वस्तू आहे ती. मला अशी वस्तू हवी. पायांसाठीची एमसीआर चप्पल तशीच, मऊ रबराची, डायबेटिसने बधिर झालेल्या तळव्यांना जखम होऊ नये म्हणून. किती पाय वाचवले असतील तिने. पण बायका ती बाहेर घालतात आणि घरात अनवाणी फिरतात, कारण चप्पल घालून स्वयंपाकघरात जायचं नाही. यावर कुणी डोकं चालवलं तर मी त्याचे पाय धरीन.

एका प्रकाराचा मात्र मला मनापासून राग आहे. 'डायबेटिस कायमचा घालवा' असं सांगणारी अॅप आणि पॅकेजं. टाइप टूमध्ये वजन उतरवून काही जणांची औषधं कमी होतात, बंदही होतात, ते खरं आहे. पण जाहिरातीत टाइप वन आणि टू असा भेद करत नाहीत, आणि खेड्यातला बाप ती बघून पोराचं इन्सुलिन थांबवतो. टाइप वनच्या पोराचं इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते. जाहिरात लिहिणाऱ्यांनी तिथे एक दिवस जाऊन बसावं.

तर बाळांनो, या, जरूर या, मी बोलेन. येताना महिन्याचा खर्च कागदावर मांडून आणा. तुमची कंपनी बंद पडली तर पट्ट्या कोण पुरवणार, आणि तुमच्या यंत्रातला आकडा आम्हाला दुसऱ्या अॅपमध्ये घेता येईल का, याची उत्तरं आणा. शक्यतो मे महिन्यात या. त्या मडक्याच्या घरी मी तुम्हाला घेऊन जाईन, त्या माउलीला मी विचारून ठेवलंय, ती हो म्हणालीय.