दगड कुणाचा, ते नंतर ठरवा

माहेरच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. देवळाच्या जीर्णोद्धारात गधेगळाचा दगड निघाला. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरांच्या पाच-सहा ओळी, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी. दगड शिलाहारांचा की यादवांचा, राजा ‘आपल्यातला’ होता का, नव्या कमानीवर नाव कुणाचं, यावरून सख्खे शेजारी बोलेनासे झालेत. मी एवढंच विचारलं, “ओळी कुणी वाचल्या का?” दादाने लिहिलं, “तू आता तिकडची. तुला काय करायचंय?”

लागलं मला ते. तिकडची म्हणूनच सांगते.

आम्ही वेल्समध्ये रेक्समला राहतो. बँक हॉलिडेला लँगोलेनला जातो, तिथून हॉर्सशू पासच्या रस्त्याला लागलं की रस्त्यावर रंगवलेलं ‘अराफ’, ‘अराफ’ (वेल्शमध्ये ‘हळू’) वाचत गाडी हळू होते आणि शेतातल्या टेकाडावर एक खांब दिसतो. टेकाड ब्राँझयुगातलं, खांब ९व्या शतकातला. पॉविस या जुन्या वेल्श राज्याचा राजा कंगेन याने तो आपल्या पणजोबासाठी उभारला. पणजोबाचं नाव खरं एलिसेद, पण दगडावरून उतरलं ते एलिसेग, आणि आज सगळे तेच म्हणतात. एलिसेगने इंग्रजांच्या हातून पॉविस सोडवलं, असं त्यावर कोरलं होतं. बाप, आजा, पणजा, आणि नातं थेट रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमसपर्यंत भिडवलेलं. लिहिणाऱ्या कॉनमार्खचंही नाव होतं. आणि एक विनंती: हा दगड जो वाचेल त्याने एलिसेगच्या आत्म्याला आशीर्वाद द्यावा.

कंगेन ८५५च्या सुमारास रोममध्ये वारला आणि पॉविस ग्वेनेड या दुसऱ्या वेल्श राज्याच्या राजाकडे, ऱ्होद्रीकडे गेलं. एवढी वंशावळ दगडात कोरूनही गादी घरात राहिली नाही, दादा.

मूळचा तो क्रूस होता. १७व्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात पाडला, म्हणजे इथल्यांनीही मोडतोड केलीच. पण १६९६ साली एडवर्ड लुइड नावाच्या अभ्यासकाने जी अक्षरं लागली ती उतरवून घेतली. १७७९ मध्ये उरलेला तुकडा पुन्हा उभा केला. आज त्याच्यावरून हात फिरवला तर शेवाळ आणि खाचा लागतात, अक्षर एकही नाही. एलिसेगबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते बहुतेक सगळं त्या नकलेमुळे. तेव्हा त्या माणसाने राजाची जात विचारत बसायचं ठरवलं असतं तर?

मात्र एक कबूल करते. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४चा मराठी शिलालेख आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतका जवळ. शाळेत असताना त्याच्यासमोरून एसटीने शेकडो वेळा गेले, एकदाही उतरले नाही. या खांबाला मात्र चारदा जाऊन आले.

शेवटच्या खेपेला तिथल्या फलकावरचं वेल्श लेकीने मला वाचून दाखवलं. शाळेत शिकते. मराठी छान बोलते, पण देवनागरी तिला येत नाही, ती मी शिकवली नाही. आशीर्वादाचं ऐकून तिने विचारलं, “आजोबांच्या गावच्या दगडावर काय लिहिलंय?” मला सांगता आलं नाही. गाडीत बसेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणून, दादा, मला तिकडची म्हण, चालेल. पण दगडाला शेंदूर लावू देऊ नकोस, ऑइलपेंट तर मुळीच नको, सिमेंटात बसवू देऊ नकोस. सकाळच्या तिरप्या उन्हात एकेका ओळीचा वेगळा फोटो काढ. ठसा घेणारा जाणकार शोध, त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च मी पाठवते. कमानीवरचं नाव पुढच्या वर्षी ठरवा.

ईस्टरच्या सुट्टीत लेकीला घेऊन येतेय. रात्री जेवणं झाली की आम्ही पाटी घेऊन बसतो. ‘श्री’ तिला ओळखता येतो.