लेखिकेचा सत्कार कसा करावा

आपल्या सोलापुरात हल्ली प्रत्येक गल्लीत एक दिग्दर्शक राहतो. तुम्हीही असालच. कॅमेरा आहे, ड्रोन आहे, लग्नाचं शूटिंग करणारा मित्र एडिटिंग करून देणार आहे, पोस्टरच्या कुठल्या कोपऱ्यात कुठले भाऊ हात जोडून उभे राहणार तेही ठरलंय. राहता राहिली गोष्ट. त्यासाठी एक लेखिका गाठावी. बाईच बरी, तिला पैसे मागायला लाज वाटते. निदान तुमचा तसा समज आहे, आणि अख्खी शॉर्टफिल्म त्या समजावरच उभी करायची असते. कशी, ते सांगते. मागच्या महिन्यातच हा सगळा प्रयोग माझ्यावर यशस्वीरीत्या पार पडला आहे.

पहिला फोन अदबीने करावा. ‘मॅडम, तुम्ही लिहिता की. दोन पानं तर आहेत, लिहून टाका की.’ पैशाचा विषय निघालाच तर ‘आपलं घरचंच आहे हो’ म्हणावं. घरचं असूनही ड्रोनवाला ॲडव्हान्स हातात पडल्याशिवाय बॅटरी चार्ज करत नाही, हे तिच्या कानावर जाऊ देऊ नये.

चर्चेला बोलावताना तिच्या भागात पाणी येण्याचा दिवस निवडावा.

पटकथा वाचू नये. व्हॉट्सअपवर अंगठा पाठवावा.

बदल मात्र करावेत, आणि न विचारता करावेत. आता माझी गोष्ट विडी कामगार बाईची होती. पूर्व भागातली बाई, घरात तेलुगू बोलणारी, कारखान्यात मराठी. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. ओलं करून ठेवलेलं पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, नखाने तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि हे बोलता बोलता, बघता बघता, पोराला अभ्यासाला दटावता दटावता. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेली की तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो. ती काही बोलत नाही, फक्त त्याच्या हाताकडे बघत राहते. सगळी गोष्ट त्या बघण्यात होती. कित्येक दुपारी मी त्या बायांच्या दारात बसून काढल्या होत्या.

पडद्यावर काय आलं? नेलपॉलिश लावलेली एक मुलगी पान असं काही दुमडत होती की ती विडी वळतेय की सत्यनारायणाला विडा करतेय, कळेना. बोलत होती सदाशिव पेठेतलं. तेलुगू कुठे गेलं, तर ‘पब्लिकला कळणार नाही मॅडम’. अहो, कुठल्या पब्लिकला? अर्धं सभागृह पूर्व भागातलं होतं! आणि तो विड्या बाजूला टाकण्याचा प्रसंग? कापला. का, तर लांबी वाढत होती. त्या जागी सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन फिरवला. सूर्यास्त, बासरी आणि पुन्हा सूर्यास्त. लांबी वाढत होती म्हणे!

असो. उपदेश पुढे चालू.

श्रेयनामावलीत ड्रोन, मेकअप, जनरेटर, अल्पोपाहार अशी नावं क्रमाने घ्यावीत. लेखिकेला ‘विशेष आभार’मध्ये, चहावाल्याच्या खाली बसवावं. तिने विचारलं तर ‘डिझायनरकडून राहिलं’ म्हणावं. हा डिझायनर आजवर कोणी पाहिलेला नाही.

एप्रिलच्या उन्हात शाल घालावी.

कार्यक्रमाला वजन यावं म्हणून ‘चित्रपटसृष्टीतील स्त्रिया’ वगैरे भाषण ठेवावं आणि त्यासाठी एक परदेशी, मुख्य म्हणजे वारलेली, लेखिका निवडावी. वारलेली बाई मानधन मागत नाही. आमच्या वक्त्यांनी फ्रान्सिस मॅरियन निवडली होती. निवड उत्तम. मोबाइलवरून वाचूनही दाखवलं: जन्म 1888, सॅन फ्रान्सिस्को, मूकपटांच्या काळात नटी मेरी पिकफर्डसाठी एकामागून एक पटकथा, ‘द बिग हाउस’साठी 1930 मध्ये ऑस्कर, लेखनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली बाई, दोन वर्षांनी ‘द चॅम्प’च्या कथेसाठी दुसरं. टाळ्या. मग माझ्याकडे हात करून, ‘आपल्याकडेही अशा फ्रान्सिस मॅरियन आहेत!’ पुन्हा टाळ्या. फ्रान्सिस मॅरियनबाई विशेष आभारात बसल्या होत्या.

त्यांनी पान खाली सरकवलं नाही, म्हणून पुढचं मी सांगते. ‘द बिग हाउस’ तुरुंगाची गोष्ट आहे. ती लिहायला ही बाई स्वतः सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन आली. तुमच्या नायिकेला कुंभारीच्या घरकुलापर्यंत, विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत, रिक्षाने जाववलं नाही! फ्रान्सिस मॅरियन तिच्या काळातल्या सगळ्यात जास्त पैसे घेणाऱ्या पटकथालेखकांपैकी होती. पुरुष धरून. 1933 मध्ये मंदीचं कारण देऊन स्टुडिओंनी पगार निम्म्यापर्यंत कापले, तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांनी आपली संघटना उभी केली आणि हिला उपाध्यक्ष केलं. 1937 मध्ये तिने पटकथेवर पुस्तक काढलं, तेही चित्रपटकथा लिहाव्यात आणि विकाव्यात कशा यावर. विकाव्यात, बरं का. तुम्ही तिला फोन करून ‘घरचंच आहे’ म्हणाला असता तर तिने काय केलं असतं याचा विचार भाषण ठेवण्याआधी करायचा होता.

आता चेष्टा पुरे. लाज वाटत नाही तुम्हाला? हॉलला भाडं देता, स्पीकरवाल्याला देता, हाराला देता, आणि जिच्यावाचून तुमच्या कॅमेऱ्यासमोर उभं करायला माणूसच नव्हतं तिला नारळ देता. तिचं काम काम नाही, तिची आवड! तुमची नव्हती का आवड? मग ड्रोनचं भाडं का दिलंत?

कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी मला जिन्यात भेटली. तिची एकांकिका स्पर्धेत नंबरात आली होती, प्रमाणपत्रावर लेखक म्हणून नाव दिग्दर्शक मुलाचं. ‘सरांना सांगितलं तर म्हणाले, टीमवर्क असतं गं,’ ती म्हणाली. बक्षिसाचे पैसे कोणी घेतले ते मी विचारलं. तेही टीमवर्कच होतं, म्हणजे त्या मुलाने पार्टी केली. हे शिकवता तुम्ही पोरांना, तेही मास्तर असून. मुलगी चांगलं लिहिते, मी तिची वही वाचली आहे. आज ना उद्या तुमच्यापैकी कोणीतरी तिला दोन पानांसाठी फोन करणारच. जरूर करा. काय उत्तर द्यायचं, ते मी तिला शिकवून ठेवलं आहे.