मणी दिसतात छान, पण ऑक्सिजनचं काय?
लेखात म्हटलंय की पेनिसिलिन बनवणारी पेनिसिलियम बुरशी अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत कोंडली की तेच मणी पुन्हापुन्हा वापरता येतात, म्हणून पेनिसिलिन स्वस्त पडेल. पहिला भाग पटला. सुटी बुरशी वाढली की तिच्या धाग्यांनी टाकीतलं द्रावण लगद्यासारखं दाट होतं आणि ढवळायलाच वीज खूप जाते. मण्यांमुळे ते पातळ राहतं. पण पेनिसिलिन बनवताना बुरशीला ऑक्सिजन भरपूर लागतो, आणि तो मण्यात जेमतेम मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच पोचतो. शिकत असताना मी सिरिंजने बुरशी मिसळलेल्या अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडून असे मणी केले होते. आठवड्याने एक ब्लेडने कापून पाहिला: सालीला पांढरी दाट वाढ, गाभा जवळजवळ रिकामा! त्यात आम्ही फॉस्फेट जास्त घातलेलं. ते मणी घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे उरलेले मणी मऊ पडून फुटले. (चूक आमचीच.)

कारखान्यांत खरा जम बसला तो बुरशीचा नाही, घन कणांवर बांधून ठेवलेल्या विकराचा (एन्झाइमचा). पेनिसिलिन ॲसायलेज हे विकर पेनिसिलिन जी (बुरशीकडून मिळणारं पेनिसिलिन) तोडून ६-एपीए, म्हणजे पेनिसिलिनचा मूळ गाभा, देतं, त्यापासून पुढे ॲमॉक्सिसिलिन बनतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, हे मात्र खटकलं.