तळघरात कोण उतरणार?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार म्हटलं की आमच्या घरात दोन प्रश्न निघतात. चादरी किती लागतील, आणि तळघरात कोण उतरणार? पहिल्याचं उत्तर दरवर्षी बदलतं.

बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराचं तळघर माजघराच्या खाली आहे. फळी उचलायची की 9 पायऱ्या. सातवीवर एक तुळई आडवी येते. "वाक की जरा!" आई वरून ओरडते, पण टाळकं शेकल्यावर.

आजोबांच्या वेळी खाली ज्वारीची पोती असत. गावाकडं तर थेट पेव. जमिनीत खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, त्यात मालदांडी ज्वारी, आणि तोंड शेणमातीनं लिंपलेलं. ते उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. बंद पेवात धान्याच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून आधी वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला, तर माणूस वरच. आमच्याकडं थेट मलाच सोडतात.

आता पोती गेली. उरलंय ते 'असू दे, लागंल कधीतरी' या सदरातलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून गळकं पिंपसुद्धा टाकवत नाही. उद्या कुणी डांबर लावून देईल. शिवाय तीन पायांचा पाट, बिनकाट्याचा तराजू, माझी दहावीची गाईडं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली तेव्हा लोक धावले म्हणतात. आमचं कोठार फुकट उघडलं तरी भंगारवाला नाक मुरडेल.

एक मात्र खरं, मे महिन्यात पारा 43 ला टेकला की खाली गारवा असतो. मीही एकदा चटई घेऊन झोपायला गेलो. डोळा लागतोय तोवर उशीशेजारी घूस बसलेली. तिच्या चेहऱ्यावर मालकाचा भाव होता. मी चटई तिथंच सोडली. ती अजून तिच्याकडंच आहे.

तर परवा चादरींचं गाठोडं छातीशी धरून निघालो. नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास. निम्म्यात पोचलो, तेवढ्यात वरून एक जुना मिक्सर खाली आला. मागून आईचा हात.

"उतरलासच आहेस तर एवढं ठेवून ये की बे."

मागं बायको उभी होती. तिच्या हातात पोराचा मोडका पांगुळगाडा. आणि तिच्या मागं अण्णा, दोन्ही हातांत काहीतरी घेऊन.

मी मिक्सर घेतला, वळलो, आणि तुळई.

"वाक की जरा!"