मुलगा घरातच आहे ना, मग झालं तर!

पंधरा वर्षांचा चिरंजीव दिवसरात्र ऑनलाइन गेम खेळतोय म्हणून जीव टांगणीला लागलाय? अहो, नशीबवान आहात! बाहेर उंडारत नाही, उलट उत्तर देत नाही. उत्तरच देत नाही म्हणा. इतकं शांत घर कुणाच्या वाट्याला येतं?

जेवायला हाक मारलीत की आतून "पाच मिनिटं!" येईल. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, हा उठला तर रँक घसरते आणि टीममधल्या बाकीच्यांच्या शिव्या खाव्या लागतात, हे समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. समजलं, तर मॅच सुरू होण्याआधीच वेळ ठरवावी लागेल. कोण करणार ते? त्यापेक्षा ऐन रंगात राउटर बंद करा. मग तो जो थयथयाट करेल, त्याला 'व्यसन' म्हणा आणि मोकळे व्हा.

या वयात ८ ते १० तास झोप हवी म्हणे. रात्री अडीचला दाराखालच्या फटीतून निळसर उजेड दिसला, तर कूस बदला. सकाळच्या तारवटलेल्या डोळ्यांसाठी 'वयच तसं आहे' हे वाक्य तयार असतंच.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी आहे, तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर'ही आहे. खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळं खेळापुढे फिकं, नुकसान दिसूनही थांबणं नाही, आणि हे साधारण १२ महिने. म्हणजे अख्खं वर्ष हाताशी आहे! मित्र तुटू द्या, मैदान सुटू द्या. जास्त खेळणारं प्रत्येक पोर आजारी नसतं, हे मात्र नातेवाइकांना सांगू नका, गोष्टीतली मजा जाते.

गेममध्ये रोज नुसती हजेरी लावली तरी बक्षीस मिळतं. दोन दिवस फिरकला नाही, तर 'कुठे आहेस?' म्हणून नोटिफिकेशन येतं. घरात तो किती दिवसांत धड बोललेला नाही, हा हिशेब मांडू नका. शाळेत मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर बसतो, हेही नको. विचारायचंच तर मार्क विचारा.

एखाद्या संध्याकाळी तो आपणहून बाहेर येईल. "बाबा, आज शेवटी मी एकटाच उरलो होतो, तरी जिंकलो," म्हणेल. तुम्ही मोबाइलमधून मान वर काढू नका. "हं" म्हणा. घटकाभर उभा राहील, मग जाईल आत.