बगळ्याला शेंदूर

आमच्या जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या बगळ्याला काल संध्याकाळी कुणीतरी शेंदूर फासला. कुणी, ते ठाऊक आहे. पण त्या वयाने मोठ्या आहेत.

बगळा लाकडाचा. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गाळात बाभळीचं हे मूळ सापडलं, तेव्हाच त्याला मान, चोच आणि एक मुडपलेला पाय होता. काष्ठशिल्पात बाहेरून काही चिकटवायचं नसतं, नको तेवढं काढायचं. साल सुरीने खरवडली, खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढली, किडीसाठी बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजलं, पॉलिशपेपर घासून घासून बोटांचे ठसे गेले. वॉर्निश तेवढं राहिलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू थबकल्या. "गणपती ना रे हा?"

"नाही काकू, बगळा."

"अरे, ही सोंड!"

"मान आहे ती."

"आणि हा कान?"

"गाठ आहे, काकू."

काकू दोन पायऱ्या खाली उतरल्या, चष्मा कपाळावर चढवला. "इथून बघ, इथून दिसतो." मी उतरून बघितलं. बगळाच. "श्रद्धा नाही तुझी," काकू म्हणाल्या आणि एकदम दचकल्या. "अगंबाई, उजव्या सोंडेचा! याचं सोवळं कडक असतं. आणि तू चपलांच्या स्टँडवर ठेवलास?"

"भिंतीकडे तोंड करून ठेवतो."

"फिरवलास तरी उजवी ती उजवीच!"

तेवढ्यात कुरिअरवाला आला. सही घेता घेता म्हणाला, "मला तर साप वाटतोय."

"असणारच," काकू म्हणाल्या. "गणपतीच्या कमरेला नाग असतो."

यावर काय बोलणार!

नेकचंद सैनी नशीबवान. चंदीगडला रस्ते निरीक्षकाची नोकरी करता करता त्यांनी १९५७ पासून राखीव जंगलात फुटक्या बांगड्या, फरशा आणि संडासाच्या भांड्यांचे तुकडे जमवून चोरून शिल्पांची अख्खी नगरी, म्हणजे आजचं रॉक गार्डन, उभी केली. वर्षानुवर्षं सरकारला पत्ता नाही. उघडकीला आल्यावर पाडापाडीची भाषा झाली, पण १९७६ मध्ये तिचंच रीतसर उद्घाटन झालं. सरकारला चुकवता येतं हो. सोसायटीला नाही.

गेल्या महिन्यात याच सोसायटीने 'जिन्यातील जळण त्वरित हलवावे' अशी नोटीस लावली होती. जळण! काल मी बगळा घरात न्यायला निघालो, तर सेक्रेटरी आडवे. "राहू द्या. लोकांच्या भावना आहेत." माझ्याही होत्या. त्या वेळी कुणी विचारलं नाही.

वॉर्निश नसल्याने शेंदरातलं तेल थेट लाकडात मुरलंय. तेलकट लाकडावर आता पॉलिश धरणार नाही. रात्री टर्पेंटाईनने पुसून पाहिलं, तर रंग पसरून बगळ्याचा फ्लेमिंगो झाला. आज सकाळी त्याच्या पायाशी जास्वंदीचं फूल आणि दोन रुपयांचं नाणं होतं. फूल तिथेच ठेवलं. नाणं घेतलं. टर्पेंटाईन काय फुकट येतं?