एक्स्टेंट मोठा केला म्हणून डिस्क पळत नाही

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. तो एलव्हीएमबद्दल आहे. ही लिनक्सची व्यवस्था डिस्कची जागा एकत्र करून 'व्हॉल्यूम ग्रुप' बनवते आणि त्यातून हवे तेवढे 'लॉजिकल व्हॉल्यूम' कापून देते; ही जागा ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मोजली जाते तो 'एक्स्टेंट'. सल्ल्याचा आशय असा: "व्हॉल्यूम ग्रुप बनवताना डिफॉल्ट ४ एमबीचा एक्स्टेंट ठेवू नका. त्याने लॉजिकल व्हॉल्यूम २५६ जीबीच्या पुढे जात नाही. डिस्कचे बारीक तुकडे पडून वेग घटतो. आणि एकदा ठरलेला आकार पुन्हा बदलता येत नाही. डिस्क टीबीत असेल तर सरळ ६४ एमबी घ्या, फारच मोठी असेल तर १ जीबी. वाया गेलेच तर चार-दोन एमबी जातील."

बोलणं मुरलेल्या माणसाचं वाटतं. पण यातलं एकच वाक्य कधीकाळी खरं होतं, बाकीची त्याच्या आधाराने उभी राहिली आहेत.

ते खरं वाक्य म्हणजे २५६ जीबीचं. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. एलव्हीएमच्या पहिल्या आवृत्तीच्या मेटाडेटात, म्हणजे मांडणीच्या नोंदीत, एका लॉजिकल व्हॉल्यूमला जास्तीत जास्त ६५,५३४ एक्स्टेंट मिळत. त्याला ४ एमबीने गुणा, २५६ जीबीला ८ एमबी कमी पडतात. त्यामुळे तेव्हा मोठा व्हॉल्यूम हवा असेल तर एक्स्टेंट वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण २.६ कर्नल (लिनक्सचा गाभा) आला डिसेंबर २००३ मध्ये, त्याच्याबरोबर डिव्हाइस मॅपर (व्हॉल्यूमवरची जागा डिस्कवरच्या जागेशी जोडणारा कर्नलचा भाग) आणि एलव्हीएम२ आलं, आणि नव्या मेटाडेटात ही मर्यादा राहिली नाही. आता एक्स्टेंटची मोजदाद ३२ बिटांत होते, म्हणजे ४ एमबीनेसुद्धा १६ पीबीपर्यंत मजल जाते. तेवढी डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर विचार करावा. (आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीवरून आलेल्या मंडळींची सवय मात्र समजण्यासारखी आहे. तिथल्या साध्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये एका डिस्कचे मुळात १०१६ विभागच करता येतात, त्यामुळे तिथे आकार आधी ठरवणं हे खरोखरच काम असतं.)

वेगाचा दावा मला जास्त खटकतो, कारण तो व्यवस्थेचं चित्रच चुकीचं रंगवतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असं येतं की कर्नल प्रत्येक वाचनाला एक्स्टेंटांची लांबलचक यादी चाळतो आहे आणि यादी जितकी लांब तितका उशीर. तसं काही घडत नाही. /ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप या डिरेक्टरीत मेटाडेटाची साध्या मजकुरातली प्रत असते, ती एकदा उघडून पाहा. वर एक्स्टेंटचा आकार ८१९२ असा सेक्टरांत लिहिलेला दिसेल. ५१२ बाइटांचे ८१९२ सेक्टर म्हणजे ४ एमबी. खाली प्रत्येक व्हॉल्यूमचे सेगमेंट: अमुक एक्स्टेंटपासून सुरू, इतके सलग, या डिस्कवर या जागी. २० टीबीचा सलग व्हॉल्यूम असेल तर त्यात ५२,४२,८८० एक्स्टेंट असतात, पण नोंद एकाच सेगमेंटची. कर्नलच्या हाती तर एक्स्टेंट हा शब्दही पोचत नाही. कर्नलकडची जोडणी दाखवणारी 'डीएमसेटअप टेबल' ही आज्ञा चालवलीत तर त्या २० टीबीसाठी एकच ओळ दिसेल: सुरुवात, लांबी, लिनियर (सलग), डिस्क, ऑफसेट (डिस्कच्या सुरुवातीपासूनचं अंतर). मागितलेल्या सेक्टरात ऑफसेट मिळवायचा, झालं. ही बेरीज एक्स्टेंट ४ एमबीचा असला काय नि १ जीबीचा असला काय, तीच.

तुकडे पडतात ते आपल्या वागण्याने. आज एक व्हॉल्यूम १०० जीबीने वाढवला, उद्या शेजारचा, परवा पुन्हा पहिला, की सेगमेंट वाढतात. एक्स्टेंट मोठा असता तरी इतकेच वाढले असते. व्हॉल्यूमची यादी देणाऱ्या 'एलव्हीएस' आज्ञेला सेगमेंटचा पर्याय देऊन पाहिलंत की खरी संख्या कळते.

व्हॉल्यूम ग्रुप बनवणाऱ्या व्हीजीक्रिएट आज्ञेच्या मॅन पेजमध्ये (माहितीपानात) एक वाक्य आहे, त्यातलं अर्धंच या सल्ल्यात शिरलेलं दिसतं. एक्स्टेंटांची संख्या खूप झाली तर एलव्हीएमची साधनं मंदावतात, असं तिथे आहे. आणि लगेच पुढे आहे की व्हॉल्यूमवरच्या वाचन-लेखनाच्या वेगावर परिणाम होत नाही. कुणी हौसेने १ केबीचा एक्स्टेंट घेतला तर पहिल्या अर्ध्याचा अनुभव येईल.

गोंधळात भर नावांचीही आहे. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमही 'एक्स्टेंट' म्हणतात, पण तो वेगळाच प्रकार. वेगावर ज्याचा खरोखर परिणाम होतो तो आकडा म्हणजे चंक, एका वेळी कॉपी किंवा वाटप होणारा तुकडा: जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटमध्ये (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) ४ ते ५१२ केबी, थिन पूलमध्ये (लागेल तशी जागा देणारा साठा) ६४ केबी ते १ जीबी. डोकं खाजवायचं असेल तर तिथे खाजवावं.

"चार-दोन एमबी वाया" हे तर हिशेब न करता लिहिलेलं आहे. व्हॉल्यूमचा आकार पूर्ण एक्स्टेंटपर्यंत वर ढकलला जातो, म्हणजे १ जीबीच्या एक्स्टेंटवर २०० एमबीचा बूट व्हॉल्यूम मागितला की १ जीबी जातो. हे निदान दिसतं तरी. न दिसणारं पुढे आहे. एलव्हीएमचं रेड (डेटा अनेक डिस्कवर राखण्याची सोय) वापरलं की प्रत्येक अंगाला, म्हणजे प्रत्येक डिस्कवरच्या भागाला, मेटाडेटाचा एक छोटा व्हॉल्यूम जोडला जातो आणि तो किमान एक एक्स्टेंट घेतो. माझ्या हाती आलेल्या एका सर्व्हरवर कुणीतरी हाच सल्ला मानून १ जीबी ठेवला होता, वर रेड१ चे (दोन सारख्या प्रतींचे) १२ व्हॉल्यूम. प्रत्येकाची दोन अंगं, म्हणजे २४ जीबी निव्वळ मेटाडेटाला, जिथे डिफॉल्टने ९६ एमबीत भागलं असतं. मोकळी जागा जुळत नाही म्हणून मी बराच वेळ भलतीकडेच शोधत बसलो होतो. थिन पूलचंही तसंच: मेटाडेटाला किमान एक एक्स्टेंट, त्याच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या जागेला आणखी एक.

बरं, आकार बदलावा अशी जागा अजिबातच नाही का? आहे, पण सल्ला तिचं नाव घेत नाही. खाली हार्डवेअर रेड६ आहे, १० डेटा डिस्क, प्रत्येकीवर १२८ केबीचा पट्टा. पूर्ण पट्टा झाला १२८० केबी. व्हॉल्यूमची सुरुवात या पट्ट्याच्या कडेवर पडली नाही, तर फाइल सिस्टिमने पूर्ण पट्टा म्हणून लिहिलेला मजकूर दोन पट्ट्यांत विभागला जातो, आणि पॅरिटीसाठी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवून देणारी माहिती) जुना डेटा वाचून पुन्हा लिहिण्याचं काम वाढतं. आता ४ एमबीला १२८० केबीने भागा: ३.२. ६४ एमबीला: ५१.२. १ जीबीला: ८१९.२. दोनाच्या घाताला पाचाने भाग जाणार कसा? एक्स्टेंट कितीही फुगवला तरी पुढचे व्हॉल्यूम वाकडेच बसणार. इथे हवा १२८० केबीचा एक्स्टेंट, डिफॉल्टहून लहान! एलव्हीएम२ ला १२८ केबीपासून पुढचा, दोनाचा घात नसलेला आकारही चालतो. जोडीला पीव्हीक्रिएट करतानाच, म्हणजे डिस्क एलव्हीएमसाठी तयार करतानाच, डेटा अलाइनमेंट १२८० केबी द्यावं लागतं, कारण पहिला एक्स्टेंट एरवी १ एमबीवर सुरू होतो.

राहिलं "पुन्हा बदलता येत नाही". व्हीजीचेंज या आज्ञेला एक्स्टेंटचा आकार बदलणारा एस पर्याय आहे. ६४ वरून ४ वर येणं सोपं: जुन्या प्रत्येक एक्स्टेंटचे १६ होतात, सगळ्या सीमा आपोआप जुळतात. ४ वरून ६४ वर जाताना मात्र प्रत्येक सेगमेंटचं दोन्हीकडचं टोक नव्या सीमेवर यावं लागतं, त्यासाठी आधी व्हॉल्यूमचा आकार जुळवणं, पीव्हीमूव्हने सरकवणं असे उद्योग करावे लागतात. म्हणजे लहानावरून मोठ्याकडे जाणं कटकटीचं आहे, अशक्य नाही.

आणि हे कधी लागतं? मुख्यतः दोन व्हॉल्यूम ग्रुप एकत्र करताना. दोघांचे एक्स्टेंट सारखे नसतील तर व्हीजीमर्ज नकार देतं. जुना ग्रुप ४ एमबीचा आणि सल्ला ऐकून केलेला नवा ६४ चा असेल, तर सोपी वाट नव्यालाच ४ वर आणण्याची आहे.